वाचकांचे प्रश्न : घरी मराठी, शेजारी गुजराती, प्रयोगशाळेत इंग्रजी

भाषाशिक्षण, भाषांतर आणि जीवशास्त्र यांत अलीकडे झालेल्या संशोधनावर आम्ही प्रश्न मागवले होते. बडोद्याच्या वाचकांची पत्रे सर्वांत नेमकी होती, म्हणून या वेळचे सदर त्यांच्यासाठीच ठेवले आहे.

प्रश्न : आमच्याकडे मधुमेहाच्या रुग्णांवर एक अभ्यास सुरू होतो आहे. संमतीपत्र आणि प्रश्नावली इंग्रजीत आहेत, त्या मराठी आणि गुजराती दोन्हींत हव्यात. एका चांगल्या अनुवादकाकडून करून घेतले तर पुरेल का? एथिक्स कमिटी ‘उलट भाषांतर’ मागते, त्याचा खरा उपयोग काय?
— संशोधन सहायक, कारेलीबाग

उत्तर : अनुवादक कितीही चांगला असला तरी एकावर थांबू नका. आरोग्याच्या प्रश्नावल्या एका भाषेतून दुसरीत नेण्यासाठी डॉर्कास बीटन आणि सहकाऱ्यांनी 2000 साली मांडलेली पद्धत आजही बहुतेक संशोधक वापरतात. बडोद्यात ती राबवायला काही अडचण नाही, कारण दोन-दोन, तीन-तीन भाषा रोज बोलणारी माणसे इथे घरोघरी आहेत.

मराठी मातृभाषा असलेल्या दोघांनी, एकमेकांशी न बोलता, स्वतंत्र भाषांतर करायचे. त्यांतला एक विषय जाणणारा हवा. दुसऱ्याचा वैद्यकाशी संबंध नसावा, कारण रुग्ण बोलतो तशी भाषा तोच आणतो. जाणकार ‘परिधीय चेतातंतूंची हानी’ लिहील, दुसरा ‘पायाला मुंग्या येणे, बधिरपणा’ लिहील. मग दोघांनी तिसऱ्या माणसासमोर बसून एकच मसुदा करायचा. कुठे मतभेद झाला, काय ठरले आणि का ठरले, याची नोंद त्याच बैठकीत करा. नंतर आठवून लिहिलेली नोंद कामाची नसते.

पुढची पायरी उलट भाषांतराची. मूळ इंग्रजी कागद न पाहिलेल्या दोघांनी मराठी मसुदा पुन्हा इंग्रजीत करायचा. पद्धतीप्रमाणे या दोघांची मातृभाषा इंग्रजी असावी. तसे लोक मिळत नसतील तर इंग्रजी माध्यमात शिकलेले आणि घरी मराठी बोलणारे दोघे घ्या, आणि तसे अहवालात स्पष्ट लिहा. शेवटी डॉक्टर, संशोधनपद्धतीचा जाणकार, भाषेचा जाणकार आणि सगळे अनुवादक एकत्र बसून दोन्ही इंग्रजी कागद ओळीओळीने ताडून पाहतात आणि चाचणीचा मसुदा ठरवतात.

उलट भाषांतराने गाळलेला शब्द, उलटा झालेला नकार आणि बदललेला आकडा सापडतो. भाषा कळते की नाही, हे मात्र त्यातून कळत नाही. उलट, शब्दाला शब्द ठेवून केलेले अवघड मराठी सर्वांत छान परत इंग्रजीत जाते. ‘यादृच्छिक पद्धतीने वाटप’ उलटे केले की मूळ इंग्रजी शब्द जसाच्या तसा हाती येतो, कमिटी समाधानी होते आणि रुग्णाला त्यातले काहीही कळलेले नसते. त्यापेक्षा असे लिहा : ‘तुम्हाला कोणते औषध मिळेल हे डॉक्टर ठरवत नाहीत. चिठ्ठी काढल्यासारखे संगणक ठरवतो.’ प्लासिबोसाठी ‘औषधासारखी दिसणारी, पण आत औषध नसलेली गोळी’ हे शब्द पुरतात. ‘रिपोर्ट पॉझिटिव्ह’ एवढेच लिहून थांबू नका, कारण पॉझिटिव्ह म्हणजे चांगले असे समजणारे खूप जण असतात. ‘आजार आढळला’ किंवा ‘आढळला नाही’ असेच लिहा.

म्हणून सर्वांत जास्त वेळ चाचणी फेरीला द्या. 30 ते 40 जण घ्या, आणि ते ज्यांच्यासाठी प्रश्नावली आहे त्यांच्यातलेच असू द्या. महाविद्यालयातले विद्यार्थी इथे उपयोगाचे नाहीत. उत्तर घेऊन झाले की प्रत्येक प्रश्नावर विचारा : ‘हा प्रश्न तुमच्या शब्दांत सांगा’ आणि ‘उत्तर देताना मनात काय आले?’ यातूनच खरे दोष वर येतात. ‘घाबरल्यासारखे होते का?’ असे विचारले तर कुणी भीतीबद्दल बोलतो, कुणी छातीतल्या धडधडीबद्दल, तर कुणी साखर उतरल्यावर सुटणाऱ्या घामाबद्दल. मधुमेहाच्या अभ्यासात या तिघांची उत्तरे एका रकान्यात गेली तर आकडेवारी कितीही नीट मांडली तरी फुकट. गुजरातीतल्या ‘गभरामण’ या शब्दाचेही तेच, तो बहुतेकांच्या तोंडी शरीराच्या अस्वस्थतेसाठी असतो.

वारंवारतेचे पर्याय हा दुसरा खड्डा. ‘क्वचित’ आणि ‘कधीकधी’ यांतला फरक अनेकांना सांगता येत नाही. प्रश्नावली तुमची स्वतःची असेल तर ‘गेल्या 15 दिवसांत 1-2 दिवस’ असे दिवस घाला. ती आधीच प्रमाणित झालेली आणि गुण देण्याची पद्धत ठरलेली असेल तर पर्यायांना हात लावू नका. अशा प्रश्नावलीची मराठी आवृत्ती आधीच झालेली आहे का ते पाहा आणि हक्कधारकाची परवानगी घ्या.

काळाचे शब्दही तपासा. गुजरातीत नुसते ‘काले’ हे मागच्या आणि पुढच्या दोन्ही दिवसांना चालते, म्हणून ‘गईकाले’ किंवा ‘आवतीकाले’ असे पूर्ण लिहा. मराठीत तीच अडचण ‘परवा’ची आहे. तपासणीची तारीख असेल तिथे सरळ तारीख आणि वार लिहा.

तुमच्या शहरासाठी सर्वांत महत्त्वाची सूचना आता. मराठी प्रतीवरून गुजराती किंवा गुजराती प्रतीवरून मराठी करू नका. दोन्ही इंग्रजीवरूनच करा. या भाषा शेजारच्या आहेत आणि संस्कृतातून आलेले शब्द दोघींत सारखे दिसतात, पण जीवशास्त्रात त्यांची कामे वेगळी ठरलेली आहेत. मराठी पाठ्यपुस्तकात ‘पेशी’ म्हणजे सेल आणि ‘ऊती’ म्हणजे टिश्यू. गुजराती पाठ्यपुस्तकात सेलला ‘कोष’ म्हणतात आणि ‘पेशी’ म्हणजे टिश्यू. हिंदीत सेलला ‘कोशिका’, टिश्यूला ‘ऊतक’ आणि ‘पेशी’ म्हणजे मसल. ‘स्नायू’ मराठी-गुजरातीत मसलसाठी आहे, हिंदी पाठ्यपुस्तकात तोच शब्द हाडांना बांधणाऱ्या लिगामेंटसाठी येतो. म्हणजे ‘पेशीचा नमुना घेतला जाईल’ हे एकच वाक्य तिन्ही प्रतींत राहिले, तर एकाला वाटेल काही पेशी घेणार, दुसऱ्याला वाटेल ऊतीचा तुकडा काढणार, तिसऱ्याला वाटेल मांस कापणार. संमती तिघांची, पण तीन वेगळ्या गोष्टींना दिलेली. त्यामुळे काम सुरू करण्याआधीच चार रकान्यांचा तक्ता करा : इंग्रजी, मराठी, गुजराती, हिंदी. बडोद्याला हे नवे नाही. राज्यकारभाराच्या शब्दांचा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश 1931 साली इथेच निघाला तेव्हा एका इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द शेजारी शेजारी मांडले होते. त्या मांडणीत चूक लपत नाही.

संमतीपत्राच्या प्रत्येक पानावर आवृत्ती क्रमांक आणि तारीख टाका, आणि तीच आवृत्ती कमिटीने मंजूर केलेली असू द्या. मंजुरीनंतर एक शब्द बदलला तरी पुन्हा कळवावे लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, वाचता न येणाऱ्या व्यक्तीची संमती घेताना अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार पूर्ण वेळ हजर हवा, आणि माहितीपत्रक सहभागी व्यक्तीकडे राहिले पाहिजे. कागद वाचून दाखवला की ‘समजले का?’ असे विचारू नका, सगळेच हो म्हणतात. ‘मध्येच सोडायचे असेल तर काय कराल?’ असे विचारा.

प्रश्न : मी बारावी गुजराती माध्यमातून केली, घरी मराठी बोलतो. आता बी.एस्सी.ला सगळे इंग्रजीत आहे. एक शोधनिबंध वाचायला दोन-तीन दिवस लागतात आणि पाठ केलेल्या संज्ञा आठवड्यात विसरतात. मी जीवशास्त्राला लायक नाही का?
— विद्यार्थी, दांडिया बाजार

उत्तर : लायकीचा यात काही संबंध नाही, आणि हे आता मोजून दाखवलेले आहे. तात्सुया अमानो आणि सहकाऱ्यांनी 2023 मध्ये आठ देशांतल्या 908 पर्यावरणशास्त्रज्ञांना त्यांचा वेळ कसा जातो ते विचारले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना, कारकिर्दीच्या सुरुवातीला, एक निबंध वाचायला इंग्रजी भाषकांच्या जवळजवळ दीडपट ते दुप्पट वेळ लागतो असे दिसले. निबंध भाषेमुळे नाकारला जाण्याचे प्रमाणही सुमारे अडीच पट होते. हे सगळे लोक शास्त्रज्ञ झालेले आहेत, हे लक्षात घ्या. तुमचा जास्तीचा वेळ भाषेचा आहे, आणि तो कमी करता येतो.

सुरुवात शब्दांपासून करा, पण कोणत्या? ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली शैक्षणिक इंग्रजीतल्या 570 शब्दकुटुंबांची, म्हणजे एकाच मुळापासून झालेल्या शब्दांच्या गटांची, एक यादी केली. शोधनिबंध आणि पाठ्यपुस्तकांतला साधारण दर दहावा शब्द या यादीतला असतो. विद्यार्थी अडतो तो बहुधा इथेच. मायटोकॉन्ड्रिया कळतो, पण ‘त्याच्या उलट’, ‘गृहीत धरले’, ‘अनुरूप’, ‘वगळता’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द निसटतात आणि वाक्य हातचे जाते. ही यादी इंटरनेटवर मोफत मिळते. रोज आठ-दहा शब्द घेतले तरी दोन-अडीच महिन्यांत संपते.

विषयाच्या संज्ञा एकेक पाठ करू नका, तुकड्यांत तोडा. शेवटी ‘एज’ आले की बहुधा विकर (एन्झाइम) : लायपेज, अमायलेज, प्रोटिएज. शेवटी ‘ओज’ आले की शर्करा : ग्लुकोज, फ्रुक्टोज, लॅक्टोज. ‘साइट’ म्हणजे पेशी, ‘लायसिस’ म्हणजे विघटन, ‘आयटिस’ म्हणजे दाह, ‘हेपॅट’ यकृताचा, ‘नेफ्र’ मूत्रपिंडाचा. असे साठेक तुकडे आले की अनोळखी संज्ञेचाही अंदाज बांधता येतो. वहीत तीन रकाने करा : इंग्रजी, गुजराती शाळेतला शब्द, मराठी शब्द. क्रोमोसोमसमोर गुजरातीत ‘रंगसूत्र’ आणि मराठीत ‘गुणसूत्र’ येईल, एन्झाइमसमोर ‘उत्सेचक’ आणि ‘विकर’. शाळेत गुजरातीतून शिकलेली संकल्पना तुमच्याकडे आहेच, तिच्यावर फक्त नवे नाव चढवायचे आहे.

विसरण्याचे कारण तुमच्या पाठांतराच्या रीतीत आहे. जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर यांनी 2008 मध्ये विद्यार्थ्यांना स्वाहिली-इंग्रजी शब्दांच्या 40 जोड्या शिकवल्या. एकदा बरोबर आठवलेली जोडीही ज्यांना पुनःपुन्हा आठवायला लावली, त्यांना आठवड्याने सुमारे 80 टक्के जोड्या आठवल्या. ज्यांनी आठवलेल्या जोड्यांची चाचणी सोडून दिली त्यांना फक्त तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आठवल्या, मग त्या त्यांनी नंतर कितीही वेळा वाचलेल्या असोत. शिकून झाले तेव्हा मात्र सगळ्या गटांचा स्वतःबद्दलचा अंदाज सारखाच, सुमारे 50 टक्क्यांचा होता. वाचताना ‘आले, आले’ असे जे वाटते, त्यावर विसंबू नका. वही झाकून लिहून काढा, आणि बरोबर आलेला शब्दही पुढच्या फेरीत ठेवा.

फेऱ्यांमध्ये किती अंतर ठेवायचे? निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांच्या 2008 च्या प्रयोगात 1,350 हून जास्त लोक होते. परीक्षा आठवड्यावर असेल तर पहिल्या आणि दुसऱ्या फेरीत एक दिवसाचे अंतर चांगले ठरले, 35 दिवसांवर असेल तर सुमारे 11 दिवसांचे, 70 दिवसांवर असेल तर सुमारे 21 दिवसांचे. अंतर फार कमी ठेवले तर नुकसान मोठे होते, थोडे जास्त झाले तर तितके होत नाही. सत्र परीक्षेला दोन महिने असतील तर आजचा धडा उद्या एकदा, मग अडीच-तीन आठवड्यांनी पुन्हा.

शोधनिबंध पहिल्या ओळीपासून वाचू नका. सारांश वाचा, मग आकृत्या आणि त्यांखालचा मजकूर, मग निष्कर्ष. त्यानंतर एक पान मराठीत किंवा गुजरातीत, जी भाषा आधी सुचेल तीत, लिहा : काय विचारले, कशावर केले, काय मोजले, काय मिळाले. मग ते इंग्रजीत सांगा. एका भाषेत घ्यायचे आणि दुसरीत मांडायचे, या रीतीवर वेल्समध्ये 1990 च्या दशकात केन विल्यम्स यांनी काम केले आणि आता तिला भाषाशिक्षणात मान्यता आहे. घरची भाषा वापरली म्हणून इंग्रजी कच्चे राहील, असे शिक्षकाने म्हटले तर नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणा.

प्रश्न : जीवशास्त्रातल्या नव्या संशोधनाचे मराठी गोषवारे आम्ही काही जण तयार करतो. यंत्रभाषांतर आता बरेच सुधारले आहे. ते वापरावे का, आणि तपासताना काय पाहावे?
— निवृत्त प्राध्यापिका, मांजलपूर

उत्तर : पहिल्या मसुद्यासाठी जरूर वापरा. आयआयटी मद्रासच्या ‘एआयफॉरभारत’ गटाने 2023 मध्ये ‘इंडिकट्रान्स2’ हे भाषांतर यंत्र मोफत खुले केले, त्यात राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सर्व 22 भाषा आहेत. केंद्र सरकारचे ‘भाषिणी’ हे भाषांतराचे व्यासपीठ 2022 पासून आहे. प्रणालींची तुलना वाचाल तेव्हा गुण कोणत्या मापाने दिले ते पाहा. 2002 सालचे ‘ब्ल्यू’ हे माप पूर्ण शब्द जुळतात का ते बघते. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे माणसाने केलेल्या नमुना भाषांतरात ‘पेशींमधून’ असेल आणि यंत्राने ‘पेशींतून’ दिले तरी ते चूक धरले जाते. अक्षरांचे तुकडे मोजणारे 2015 सालचे ‘सीएचआरएफ’ मराठीला जास्त न्याय देते. अर्थात दोन्ही मापे अर्थ पाहत नाहीत. तो तुम्हालाच पाहायचा आहे.

सर्वांत घातक चूक ‘मुळे’ या प्रत्ययाची. समजा, मूळ निबंध म्हणतो की अमुक पेय घेणाऱ्यांत तमुक आजार कमी आढळला. मराठी वाक्य सुटसुटीत करताना ते ‘अमुक पेयामुळे तमुक आजार कमी होतो’ असे होते. यंत्र हे करते, आणि माणूस तर हमखास करतो, कारण ‘यांच्यात संबंध आढळला’ हे वाक्य त्याला मराठी वाटत नाही. पण निरीक्षणातून कारण सिद्ध होत नाही. ‘आढळला’, ‘दिसून आला’, ‘असू शकते’ ही क्रियापदे मुळाबरहुकूम ठेवा. संशोधकाने राखलेली शंका गोषवाऱ्यात पुसली गेली तर वाचकाला खोटी बातमी मिळते.

दुसरे, ‘लक्षणीय’. सांख्यिकीत ‘सार्थ’ (केवळ योगायोगाचा नसावा असा) ठरलेला फरक अगदी लहानही असू शकतो. ‘लक्षणीय घट’ वाचले की वाचक मोठी घट समजतो. शक्य तिथे फरक किती, तो आकडाच द्या.

तिसरे, एकके आणि संख्या. मिलीग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत हजार पटींचा फरक आहे, म्हणून चिन्हे न वापरता पूर्ण शब्द लिहा. मिलियन म्हणजे 10 लाख, बिलियन म्हणजे 100 कोटी. यंत्राच्या मसुद्यातला प्रत्येक आकडा मुळाशी बोट ठेवून ताडा.

प्रयोग कशावर झाला हे पहिल्या दोन वाक्यांत आले पाहिजे : काचपात्रातल्या पेशींवर, उंदरांवर की माणसांवर. यंत्र हे गाळत नाही, गोषवारा लिहिणारे गाळतात. सजीवांची शास्त्रीय नावे आणि जनुकांची चिन्हे रोमन लिपीत मुळाप्रमाणे ठेवा. मानवी जनुकाचे चिन्ह पूर्ण मोठ्या अक्षरांत असते, उंदराच्या जनुकाचे फक्त पहिले अक्षर मोठे. त्या फरकाला अर्थ आहे. आणि ‘प्रजाती’ जपून वापरा : मराठी पाठ्यपुस्तकात प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज, पण हिंदीच्या प्रभावाने वर्तमानपत्रांत स्पीशीजलाही प्रजातीच म्हणू लागले आहेत.

रुग्णाचे नाव, वय, गाव किंवा तपासणीचा कागद मोफत ऑनलाइन भाषांतर यंत्रात टाकू नका.

तुमचे काम चालू ठेवा, कारण गरज दोन्ही दिशांनी आहे. अमानो यांच्याच गटाने 2021 मध्ये 16 भाषांतले 4 लाख 19 हजारांहून जास्त निबंध चाळले आणि जैवविविधता वाचवण्याच्या उपायांवरचे इंग्रजीबाहेरचे 1,234 उपयोगी अभ्यास शोधून काढले. इंग्रजीत शोधणाऱ्यांना ते दिसतच नव्हते.

प्रश्न : मुलगी साडेतीन वर्षांची. घरी मराठी, सांभाळणाऱ्या बाईंकडे गुजराती, बालवाडीत इंग्रजी. ती तिन्ही मिसळून बोलते. नातेवाईक म्हणतात, एकच भाषा ठेवा, नाहीतर बोलणे मागे पडेल. दुसरीकडे कुणी म्हणते, बहुभाषिक मुले हुशार होतात. खरे काय?
— पालक, निझामपुरा

उत्तर : दोन्ही टोकांना आधार कमी आहे. अनेक भाषा ऐकल्याने वाणीदोष होतो असे संशोधनात दिसत नाही. एका भाषेतले शब्द मोजले तर असे मूल मागे वाटते, पण सगळ्या भाषांतले मिळून मोजले की संख्या बरोबरीला येते. म्हणून डॉक्टरांनी शब्द विचारले तर तिन्ही भाषांतले सांगा. ‘दूध’, ‘मिल्क’ हे दोन धरा. मिसळून बोलणे हा गोंधळ नाही. समोरच्याला कोणती भाषा कळते हे पाहून मुले हळूहळू ती वेगळी करतात.

काळजी करायची ती वेगळ्या खुणा दिसल्या तर : वर्षाची होईपर्यंत ‘बाबा-दादा’ असे आवाज नाहीत, 16 महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतःचे दोन शब्दांचे वाक्य नाही, किंवा आलेली भाषा गेली. यांपैकी काही असेल तर भाषा कमी करत बसू नका, आधी कानांची तपासणी करून घ्या. थोडे कमी ऐकू येणे घरात वर्षानुवर्षे लक्षात येत नाही.

हुशारीचा मुद्दा : 2004 मध्ये एलन बियालिस्टॉक यांच्या प्रयोगांत द्विभाषिक प्रौढ लक्ष आवरण्याच्या कामात सरस दिसले आणि त्याची खूप प्रसिद्धी झाली. नंतर अँजेला दे ब्रुइन आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये दाखवले की फायदा दिसलेले अभ्यास छापून येतात आणि न दिसलेले मागे राहतात. मोठ्या एकत्रित विश्लेषणांत तो फायदा जवळजवळ उरत नाही. आजीशी मराठीत आणि शेजाऱ्यांशी गुजरातीत बोलता येणे हे कारण पुरेसे आहे. त्याला बुद्ध्यांकाची जोड लागत नाही.

एक गोष्ट आत्तापासून लक्षात ठेवा. गुजरातच्या 2023 च्या कायद्याने पहिली ते आठवीपर्यंत सर्व शाळांत गुजराती सक्तीची आहे, म्हणजे तिला देवनागरी आणि गुजराती या दोन लिप्या जवळपास एकाच वेळी भेटतील. कन्नड मुलांवर सोनाली नाग यांनी 2007 मध्ये दाखवले की आपल्यासारख्या अक्षरलिप्यांत सगळी अक्षरे, मात्रा आणि जोडाक्षरे पक्की व्हायला चौथीपर्यंत आणि पुढेही वेळ जातो. देवनागरी आणि गुजराती लिपी सारख्या दिसतात, हीच अडचण. त्यात गुजरातीतला ‘र’ आणि 2 हा अंक, ‘प’ आणि 5 हा अंक जवळजवळ एकसारखे असतात. एक लिपी वाचनापुरती बसली की दुसरी घ्या, दोन्हींमध्ये निदान काही महिने जाऊ द्या, आणि तोवर दुसऱ्या भाषेतल्या गोष्टी तोंडी भरपूर सांगा.

प्रश्न : वयाच्या 66 व्या वर्षी नवी भाषा शिकल्याने स्मृतिभ्रंश टळतो का? आणि या वयात ती येते तरी का?
— ज्येष्ठ वाचक, रावपुरा

उत्तर : पहिल्या प्रश्नावरचा एक महत्त्वाचा अभ्यास आपल्याच देशातला आहे. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये हैदराबादच्या 648 स्मृतिभ्रंश रुग्णांच्या नोंदी तपासल्या. एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांत आजाराची सुरुवात सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसली. निरक्षरांतही फरक होता, म्हणजे तो केवळ शिक्षणाचा नव्हता. पण ते आयुष्यभर अनेक भाषा वापरणारे लोक होते, आणि आजार उशिरा येणे वेगळे, टळणे वेगळे. पुढे वर्षानुवर्षे पाठपुरावा केलेल्या इतर अभ्यासांत असा फरक दर वेळी दिसलेला नाही. बडोद्यात आयुष्य गेले असेल तर मराठी, गुजराती, हिंदी तुम्ही आधीच वापरता आहात.

दुसऱ्याचे उत्तर : येते. जोशुआ हार्ट्सहॉर्न आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये सुमारे 6 लाख 70 हजार लोकांच्या उत्तरांवरून मांडले की व्याकरण शिकण्याची धार साधारण 17 वर्षांनंतर कमी होते. नंतरच्या फेरतपासणीत हे वय सगळ्या गटांना सारखे लागू पडले नाही. शिवाय तो प्रश्न मातृभाषकाइतके अचूक होण्याचा होता. वाचणे, समजणे आणि गप्पा मारणे यासाठी तशी मर्यादा नाही. रोज 20-25 मिनिटे द्या, वर विद्यार्थ्याला सांगितलेल्या अंतरांनी उजळणी करा, आणि आठवड्यातून दोनदा कुणाशी तरी ती बोला. कमी ऐकू येत असेल तर श्रवणयंत्र लावून शिका.

प्रश्न : पीएच.डी.साठी निबंध छापायचा आहे. एका मासिकाने ‘यूजीसी-केअर यादीतले’ म्हणून पाच दिवसांत छापतो सांगितले आणि पैसे मागितले. खात्री कशी करावी?
— संशोधक विद्यार्थिनी, प्रतापनगर

उत्तर : यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, मान्य मासिकांची ती यादी फेब्रुवारी 2025 मध्ये बंद केली. तिच्या नावावर आज कुणी पैसे मागत असेल तर तिथेच थांबा. पाच दिवसांत दोन तज्ज्ञांकडून खरे परीक्षण होत नाही, सहसा काही आठवडे ते काही महिने लागतात. मासिकाचा आयएसएसएन हा ओळख क्रमांक आयएसएसएनच्या अधिकृत संकेतस्थळावर तपासा. संपादक मंडळातल्या दोघा-तिघांच्या विद्यापीठाच्या पानावर त्या मासिकाचा उल्लेख आहे का पाहा. मागच्या दोन अंकांतले तुमच्या विषयाचे निबंध वाचा : एकाच अंकात सागरी जीवशास्त्र, जीएसटी आणि काव्यसमीक्षा असेल तर ते सोडा. मोफत वाचता येणाऱ्या मासिकांसाठी ‘डीओएजे’ ही निर्देशिका आहे.

वाचनासाठीही पैसे खर्च करू नका. ‘एक राष्ट्र एक सदस्यत्व’ योजना 1 जानेवारी 2025 पासून सुरू आहे. तिच्यातून 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 मासिके सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांना उपलब्ध होतात, आणि तिचे काम विद्यापीठांची ग्रंथालये जोडणाऱ्या गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राकडून चालते. तुमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोंदणी करून घ्या आणि घरून वापरण्यासाठी लॉगिन मागा.